भट्टी निवेपर्यंत

"ते वजाबाकीचं बटण आहे," समोरून हलकेच आवाज आला. "ऋण चिन्हाचं वेगळं असतं... खालच्या ओळीत बघा."

मी मान वर केली. वाचनालयाच्या लांब टेबलापलीकडे एक तरुण औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडून बसला होता. मैत्रिणीकडून आणलेला कॅल्क्युलेटर मघापासून मला 'एरर' दाखवत होता. मी ते दुसरं बटण दाबलं. कॅल्क्युलेटरनं मुकाट्यानं ऐकलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही त्याला रागवत होतात. मध्ये पडायची हिंमत झाली नाही."

मला हसू आलं. आलेख काढायला गेले, तर पडदा कोराच. त्यानं कॅल्क्युलेटर ओढून घेतला नाही, नुसतं बोट दाखवलं. "रेषा आहे, पण पडद्याच्या वर राहिलीय. उभ्या अक्षाची मर्यादा वाढवा."

वाढवली. डावीकडून एक रेषा धाडकन खाली आली आणि मग पुढे पुढे हळू, आणखी हळू उतरत गेली.

"औषध रक्तातून साधारण असंच उतरतं," तो म्हणाला. तो रुग्णालयाच्या औषध विभागात होता. "तुमचं काय उतरतंय?"

"भट्टी."

मग मी सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. आमचा चिनी मातीच्या ताटल्या-वाट्यांचा कारखाना. भट्टी कधी उघडायची ते बाबा दाराला तळवा लावून ठरवायचे. जन्मभर कधी चुकले नाहीत. पण आगीपाशी राहून राहून हात बधिर झालाय. मागच्या खेपेला भट्टी गरम असतानाच उघडली आणि थंड हवा लागून निम्मा माल तडकला. भिंतीवरच्या तापमानाच्या मीटरकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

"आणि हात गेलाय हे त्यांना सांगायचं नाही," तो म्हणाला.

"नाही. भट्टी कधी निवेल ते आधी कळलं, तर तोवर काहीतरी निमित्त काढीन."

तो पुस्तक मिटून माझ्या शेजारच्या खुर्चीवर आला.

पुढची भट्टी लागेपर्यंत आम्ही रोज भेटलो. त्या उतरत्या रेषेचं घातांकाचं गणित मला पहिल्याच दिवशी कळलं होतं... हे मी त्याला सांगितलं नाही.

भट्टी बंद केल्यावर मी मीटरवरचे आकडे त्याला फोनवर कळवत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कारखान्यातच आला. आकडे कॅल्क्युलेटरमध्ये भरले. रेषा शंभर अंशांखाली, म्हणजे दार उघडण्याजोगी, जात होती ती तिसऱ्या दिवशी सकाळी.

तेवढ्यात पलीकडे बसलेले बाबा उठले. दाराला तळवा लावला. "निवलीय. उघडू."

मी काय काय ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांचा हात दारावर तसाच होता, आणि त्या हातानंच मला लहानाचं मोठं केलं होतं.

"काका," तो पुढे झाला, "मला आता ड्यूटीवर जायचंय. पण उघडताना बघायची फार इच्छा आहे. माझ्यासाठी सकाळपर्यंत थांबाल?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाहुण्याचा मान आहे. थांबू."

सकाळी तो आला, तेव्हा ड्यूटीमुळे डोळे लाल झाले होते. बाबांनी दार उघडलं. एकेक ताटली बाहेर आली. निळसर, अखंड. बाबा प्रत्येकीवर टिचकी मारून नाद ऐकत होते. शेवटची ताटली त्यांनी त्याच्या हातात दिली.

"हात गेलाय माझा, मला ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही दोघांनी ते ज्या तऱ्हेनं झाकलंत, ते बरं वाटलं. पुढच्या वेळी मीटर मलाच वाचून दाखवा."

आणि ते हात धुवायला निघून गेले.

आम्ही दोघंच उरलो. तो ताटली उलटसुलट करून बघत होता.

"झालं ना बघून?" मी विचारलं. "जा आता, झोपा जरा."

"ताटल्या बघायला नव्हतो आलो."

"मग?"

"काल तुम्हाला बोलता येईना, तेव्हा वाटलं... असे प्रसंग पुन्हा येतील. तेव्हा मी शेजारी असावं."

ताटलीला अजून जराशी ऊब होती. तिच्यासकट मी त्याचे हात धरले आणि म्हटलं, "मग अहो-जाहो पुरे कर आता."