बत्तिसावी नोंद

बसा. आणि ते मोबाईल पालथे ठेवा, तुमच्यावाचून जगाचं दहा मिनिटं काही अडत नाही. भुताची गोष्ट हवी ना? झाडाला लोंबकळणारं, उलट्या पावलांचं असलं काही माझ्याकडे नाही. ही माझ्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट आहे, आणि तो माणूस अजून जिवंत आहे.

कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तो. आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो, कारण एकदा लागला की बंद करायचं बटणच नाही. हात कसबी होते, ते मान्य. पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं रे राहिलं की याची सरबत्ती सुरू: "काय, चहा सांडलात? की आपटलंत? की दोन्ही?" लोक ऐकून घ्यायचे, कारण दुसऱ्याला जमत नाही ते याला जमायचं. असल्या माणसाला लोक नुसतं सोसतात, आणि त्याला वाटतं आपला दरारा आहे.

गेल्या वर्षीची अठरा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी सातच्या सुमारास एक बाई आल्या. शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या, पन्नाशीच्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक जुनी डिस्क काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"माझ्या धाकट्या भावाची आहे. मार्चमध्ये गेला तो. मशीन जळलं, एवढी डिस्क वाचली. यात त्याचा एक गेम आहे, तो तुमच्या मशीनवर चालू करून द्याल का?"

गेम कसला, तर अंतराळात भरकटलेलं एक रिकामं जहाज. माणसं कुठे गेली, पत्ता नाही. खेळणारा एकटा, हातात बॅटरी, आणि एकेक अंधारी खोली धुंडाळत हिंडायचं. परतीची वाट सापडावी म्हणून प्रत्येक खोलीत आपल्या आवाजात एक नोंद बोलून ठेवायची सोय होती.

"एकतीस नोंदी आहेत," बाई म्हणाल्या. "प्रत्येकीत मला हाक मारून चिडवायचा. फोनवर कधी बोललाच नाही हो तो, नुसतं टाईप करायचा. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही माझ्याकडे."

आता यावर माणसाने काय बोलावं? गप्प बसावं. रेडिओ म्हणाला, "म्हणजे एवढा घोडा झालेला माणूस रात्ररात्र जागून खोटी भुतं शोधायचा? आणि तुम्ही ते रुमालात जपलंय? उद्या दहाला या."

बाईंनी रुमालाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि त्या गेल्या.

गेम वीस वर्षांपूर्वीचा. नवं मशीन त्याला दारात उभं करेना. मग रेडिओने मशीनला आपण म्हातारे आहोत असं सोंग घ्यायला लावलं. चित्र आलं तर आवाज नाही. आवाज आला तर आतला माणूस उंदरासारखा पळत सुटलेला. त्याला आवरता आवरता साडेबारा झाले, पण जमलं. सांगितलं ना, हात कसबी होते.

पण हातातलं कसब डोक्यात असेलच असं नाही. त्याचा बारा वर्षांचा नेम होता: डिस्क कोणाचीही असो, आधी तिची प्रत काढायची, मगच हात लावायचा. परक्याच्या सहलीचे फोटोसुद्धा त्याने असे जपले होते. त्या रात्री प्रत काढली नाही. "गेमची कसली डोंबलाची प्रत काढायची?" असं एकटाच मोठ्याने म्हणाला आणि चाचणी घ्यायला म्हणून त्याने 'नवा खेळ' दाबलं. त्या गेममध्ये जागा एकाच प्रवासाची. पडद्यावर दोन ओळींची सूचना आली: पुढे गेलात तर जुना प्रवास पुसला जाईल. सूचना न वाचणाऱ्या गिऱ्हाइकांना जन्मभर गाढव म्हणत आलेल्या या माणसाने ती वाचली नाही. बटण दाबलं.

कोपऱ्यात आकडा आला. नोंदी: शून्य.

दोन तास त्याने सगळे उपाय केले. पुसलेलं शोधून काढणारी होती नव्हती ती हत्यारं चालवली. काही हाती लागलं नाही. मेलेल्या माणसाचा होता तेवढा आवाज याने एका बोटाने पुसला होता. लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं? छे! त्याने आधी थाप तयार केली. ताई, डिस्क आधीच खराब होती हो, आत काहीच नव्हतं. दोनदा घोकली. मनातल्या मनात. हे नीट ध्यानात ठेवा, ओठसुद्धा हलले नव्हते.

दोन चाळीसला तो मशीन बंद करायला उठला.

कोपऱ्यात आकडा बदलला होता. नोंदी: एक.

माईक खणात होता. वायर गुंडाळलेली. खण उघडून त्याने पाहिलं. होता तिथेच होता.

त्याने ती नोंद लावली. आधी श्वास... हेल्मेटच्या आत घेतल्यासारखा. मग शब्द.

"ताई, डिस्क आधीच खराब होती हो. आत काहीच नव्हतं."

त्याचाच आवाज. त्याचाच तो लाडीगोडीचा सूर.

त्याने स्पीकरची वायर उपटली. श्वास चालूच. आकडा दोन झाला. पाच. अकरा... आतलं एक दार उघडलं. लागलं. मग त्याहून जवळचं दुसरं.

"कोण आहे?" असं ओरडायला त्याने तोंड उघडलं.

घशातून काही आलं नाही.

वायर नसलेल्या स्पीकरमधून आलं. लांबून... जहाजाच्या पोटातून... त्याच्या आवाजात. "कोण आहे?"

त्याने पुन्हा तोंड उघडलं...

सकाळी दहाला बाई आल्या. हा खुर्चीत बसलेला, चेहरा पांढराफटक. नुसता पडद्याकडे बोट दाखवत होता. बाईंना वाटलं, काम झालं. त्या समोर बसल्या आणि त्यांनी पहिली नोंद लावली.

"ताई, इथेपण कोणी नाही. तू गाणार असं कळलं असेल, पळाले सगळे."

त्या खळखळून हसल्या, आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या. एकतीसच्या एकतीस ऐकल्या. मग थांबल्या. कोपऱ्यातला आकडा बत्तीस होता.

रात्री पहिली असलेली ती थाप आता बत्तिसावी झाली होती, नऊ सेकंदांची. ती संपल्यावर त्यांनी रेडिओकडे पाहिलं. "हे तुम्ही मला सांगणार होतात?" रेडिओने मान खाली घातली. उत्तर द्यायला त्याच्याकडे आवाजच उरला नव्हता.

तीन डॉक्टर झाले. घसा ठणठणीत आहे म्हणतात. हल्ली तो पाटीवर लिहून बोलतो, आणि लिहायला वेळ लागतो म्हणून शिव्या तेवढ्या गाळून टाकतो. दुकानाला ते चांगलंच मानवलंय. जा, विचारा त्याला, लिहून देईल.

इथवर कोणी म्हणेल, धसका घेतला, दातखीळ बसली. म्हणा बापडे. पण परवा त्या बाई भेटल्या. त्यांनी ती शेवटची नोंद पुसलेली नाही. म्हणाल्या, "काका, तेव्हा ती नऊ सेकंदांची होती. आता चाळीस मिनिटांची झालीय."

मी त्यांच्या घरी जाऊन ऐकली. पहिले नऊ सेकंद ती थाप. मग बराच वेळ नुसते बूट वाजतात, लोखंडावर. दारं उघडतात, लागतात. आणि मधूनच तो थांबतो... आणि जन्मात कोणाशी बोलला नाही इतक्या आदबीने विचारतो...

"कोणी आहे का हो?"