मोटर कोण चालू करतंय?

"हलू नकोस! मोटरचा डबा दिसतोय ना?" हेतल कुजबुजली.

"दिसतोय. पण मुंगळे चावतायत! मी चाललो पंख्याखाली!" हर्षित उठून घराकडे पळालाच.

मे महिन्याची सुट्टी. पाम गावातली नरहरीमामांची वाडी. हर्षित त्यांचा मुलगा. वांग्याच्या वाफ्यामागे आता दोघीच उरल्या: मामांची भाची हेतल आणि वाडीवर काम करणाऱ्या नवशाकाकांची कमळी.

कमळी सकाळपासून हेतलशी कामापुरतंच बोलत होती. मोटर कोण लावतंय, ते आज त्यांना पकडायचं होतं.

उत्तर पहिलं: नवशाकाका

चार दिवस दुपारी मोटर आपोआप चालू व्हायची. पाणी साचून वांगी कुजली. मोटरच्या डब्यात हेतलने मोबाइलवरून मोटर चालवणारा वायफायचा चिमुकला तुकडा बसवला होता. त्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, पुसून सगळ्यांसाठी खुलं असलेलं फर्मवेअर तिने स्वतः भरलं होतं. मग ते चुकेल कसं?

"नवशाकाकांनीच बटण दाबलं असेल," ती मामांना म्हणाली होती.

मामांनी ना पाहिलं, ना विचारलं. "नवशा, सोमवारपासून येऊ नकोस!"

उत्तर दुसरं: भूत

टक्!

मोटर धडधडू लागली. डब्याजवळ चिटपाखरू नव्हतं!

"भूत!" हेतल किंचाळली.

"भूत नाय," कमळी घराकडे बघत म्हणाली. "हर्षित गेला नि मोटर लागली. त्यानं काय केलं असंल?"

"पंखा लावला असेल, मोबाइलवरून..."

हेतल घराकडे धावलीच.

उत्तर तिसरं

चार दिवसांपूर्वी हर्षितच्या पंख्यालाही तिनेच तसला तुकडा लावला होता. मोटरची सेटिंग तशीच्या तशी त्यात उतरवली होती. नाव बदलायचं राहिलं! दोन्ही तुकड्यांचं नाव एकच. एकाला दिलेला हुकूम दोघंही ऐकत होते.

संध्याकाळी दोघींनी मामांना मोटरपाशी आणलं. शेजारी नवशाकाका, हाताची घडी घालून.

"मामा, मोबाइलवरून हर्षितचा पंखा लावा."

"पंखा? इथून?"

"लावा तर!"

टक्! मोटर सुरू! मामा दोन पावलं मागेच सरले.

"शाब्बास, हेतल! काय डोकं आहे पोरीचं!"

हेतलचे कान तापले. गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? कमळीला. कमळी तिच्याकडेच बघत होती.

"मामा, चूक माझी होती. नाव बदलायला मी विसरले आणि आळ काकांवर घेतला. शोधलं कमळीने."

मामांचा चेहरा पडला. "मी तरी कुठे विचारलं? नवशा, चुकलो रे. सोमवारी ये. कमळी, तुझी नजर तेज आहे हो!"

"काका, माझं चुकलं," हेतल म्हणाली.

नवशाकाका हसले नाहीत. "पोरी, मला इचारलं असतंस, तर मीच तुज्यासंगं दडून बसलो असतो."

हेतलची मान वर होईना. मग कमळीने तिला कोपराने ढोसलं.

"चल, नाव बदल. पण या वेळी मला वाचून दाखव. मगच बटण दाब!"