डाव्या पायाची सवय

द्वारकेच्या चौकात सकाळपासून हॉर्नचा जो कालवा चालतो, त्यातूनही नईमला गिअरबॉक्समधली बारीकशी कुरकुर वेगळी ऐकू यायची. पण हर्षालीताईंचा पिकअप ट्रक कुरकुरत नव्हताच. गिअरबॉक्सचं तेल काढलं, तर लालभडक असायला हवं ते काळंकुट्ट निघालं आणि फोडणी करपल्यासारखा वास गॅरेजभर पसरला.

"ताई, क्लच जळालेत."

"पण या गाडीला क्लच आहेच कुठं?"

नईमला हसू आलं. ऑटोमॅटिक गाडीत पायाखाली क्लचचं पेडल नसतं, हे खरं. पण पोटात क्लचप्लेटा असतातच. त्या धरायच्या आणि सोडायच्या, हे काम तेवढं तेल करतं. त्यानं ताईंना तसं समजावलं आणि ट्रक ठेवून घेतला.

ताईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेलेला. पायाला आधाराचा कॅलिपर बांधून चालायच्या. गंगापूर रोडला त्यांची रोपवाटिका होती. त्यांना चालवता यावी अशी गाडी हवी, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, जयरामदादांनी, हा सेकंडहँड ट्रक हुडकून आणला होता. दादांचा स्वतःचा जन्म साधे ट्रक चालवण्यात गेलेला. ताईंना चालवून दाखवायला म्हणून ते या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले, की गर्दी दिसताच त्यांचा डावा पाय क्लच शोधत जायचा आणि पडायचा नेमका ब्रेकवर! मागच्या कुंड्या केबिनवर आदळायच्या, ताई पोट धरून हसायच्या, आणि दादा मिशीतल्या मिशीत गाडीलाच बोल लावायचे.

दादा गेल्या वर्षी झोपेतच गेले.

"पुन्हा जळाले क्लच, तर ट्रक विकावा लागेल मला," ताई म्हणाल्या होत्या. "मग मी घरात बसले समजा. आणि त्यांनी माझ्यासाठी केलेलं एवढंच तर राहिलंय, नईमभाई."

हे ऐकल्यावर नईमनं जीव ओतून काम केलं. नव्या प्लेटा तेलात मुरत ठेवल्या, सगळी सीलं बदलली, एकेका क्लचला हवा देऊन आतला 'थप' आवाज कान लावून ऐकला. तरी जळक्या प्लेटांकडे बघून त्याचं डोकं चालेना. एका पायानं रेस आणि दुसऱ्यानं ब्रेक असं कुणी रोज चालवलं, तरच त्या अशा जळतात. त्यानं ब्रेक तपासले. काही अडकत नव्हतं. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र डाव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं. जुनी झीज असेल, म्हणून त्यानं नवं बसवलं.

ट्रक न्यायला ताई आल्या, तेव्हा खात्री करावी म्हणून नईम शेजारी बसला. डॅशबोर्डवरच्या छोट्या बुद्धमूर्तीला हात जोडून ताईंनी गाडी काढली. दुपारचं ऊन होतं. ट्रक मुंबई नाक्याच्या दिशेनं कसा अलगद पळत होता. पुढं रिक्षांची गर्दी दिसली आणि तो एकदम जड झाला. इंजिन घुमायला लागलं. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"ताई, ब्रेकवरचा पाय काढा."

"माझा पाय रेसवर आहे."

नईमनं वाकून पाहिलं. उजवा पाय रेसवर होता. डावा कॅलिपरमध्ये, बाजूला, निश्चल.

ब्रेकचं पेडल खाली गेलेलं होतं. नव्या रबराची डावी कड चेपली होती.

त्यानं हात घालून पेडल वर ओढलं. ते हललं नाही. रबर कोमट लागलं. करपल्याचा वास पुन्हा सुरू झाला होता.

ताईंनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मग समोर बघत त्या अगदी हळू म्हणाल्या, "अहो, मला येतं आता चालवता. खरंच येतं. सोडा ना पाय."

काहीच झालं नाही.

भीती वाटली की नईमला थट्टा सुचायची. तो म्हणाला, "जयरामदादा, इथं क्लच नाहीच. क्लच माझ्या टेम्पोत आहे. तिकडं या."

ताई डोळे पुसता पुसता हसल्या.

पेडल सावकाश वर आलं.

महिनाभरानं ताई तेल दाखवायला आल्या. लालभडक होतं.

"गाडी मस्त चालते. आता एकटीच असते मी तिच्यात," त्या म्हणाल्या. "बरं वाटतं. आणि नाहीही वाटत. कुठं गेले असतील हो?"

नईम हात पुसत राहिला. सांगावं असं फार वाटलं त्याला, पण त्यानं नुसतं बॉनेट लावून दिलं. ताईंचा ट्रक वळणाआड गेला, तशी त्यानं गॅरेज बंद करून टेम्पो काढला.

चौकात गर्दी लागली. गिअर बदलायची वेळ आली, तसा त्यानं डावा पाय उचलून सीटखाली घेतला, आणि क्लच दाबला जाण्याची वाट पाहिली.