उलट्या बाजूची बटणं

पाऊस चुकवायला तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, आणि काजवालीच्या हातातली सुई थांबली.

माणूस देखणा होता, पण ते नंतर लक्षात आलं. आधी दिसला तो कोट. खाकी, लष्करी, आणि बटणं डाव्या अंगाला — बायकांच्या कोटाला असतात तशी.

तो कोट तिनेच शिवला होता.

महायुद्ध सुरू होण्याआधी तिच्या मावशीचं हे दुकान फक्त बायकांचे कपडे शिवायचं. मग काचांना काळा कागद लागला, रंगीत कापड मिळेनासं झालं, आणि ज्या मशिनांवर रेशीम सरकायचं त्यांच्यावर लष्कराचे जाड कोट येऊन पडले. काजं करण्यात भाचीचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणत. पण हाताला वळण बायकांच्या कपड्यांचं. गेल्या हिवाळ्यात एका गठ्ठ्यातली सगळी काजं तिने सवयीने उजव्या बाजूला पाडली. लष्कराच्या तपासनीस साहेबांनी गठ्ठा परत पाठवला आणि बजावलं, पुन्हा असा एक जरी कोट दिसला तर काम बंद. त्यातला एक मात्र आधीच कुठल्यातरी आघाडीवर निघून गेला होता.

आता तो आपल्या पायांनी परत आला होता. आणि साहेब कधीही टपकत.

"आत या ना," ती घाईने म्हणाली. "कोट काढा."

तो गडबडला. "इतक्या लवकर? आधी ओळख तरी..."

मशिनांमागे बसलेल्या बायकांत खसखस पिकली. तिचे कान तापले.

"बटणं चुकलीत. नीट करून देते, असं म्हणतेय मी."

"चुकलीत ते मला सांगू नका. आमची पलटण मला वहिनी म्हणते, ते या बटणांमुळेच."

आता मावशीलाही हसू आवरेना.

"मग द्या की. सुटका होईल."

"नाही देणार."

त्याने खिशातला उजवा हात बाहेर काढला. बोटं आत वळून घट्ट मिटलेली — उघडत नव्हती. समुद्रापलीकडे, जिथे चिखल गोठून दगड होतो, तिथे तोफगोळ्याचा तुकडा लागला होता. हे त्याने कुणी ट्राम चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं.

"इस्पितळात आमच्या खोलीत सगळे असेच, उजव्या हाताने गेलेले. रोज सकाळी एवढाले बाप्ये नर्सपुढे ओळीत उभे, बटणं लावून घ्यायला. आपली आपण लावणारा मी एकटा. हे बघा—" डाव्या हाताने त्याने बटण काढलं आणि परत लावलं. "हा कोट शिवणारी भेटली ना, तर—"

"तर काय?"

"तर विचारीन, अशी चूक ती रोज करते का."

तिने मान खाली घातली. "रोज नाही," ती म्हणाली. "एकदाच झाली."

तो बघतच राहिला. बाहेर पाऊस केव्हाच थांबला होता...

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, तरी तो आला. बरोबर एक धिप्पाड सैनिक, उजवी बाही रिकामी.

"मावशी, हा माझा मित्र. यालाही वहिनी व्हायचंय."

मावशीने भाचीला बाजूला घेतलं. "अगं, सरकारी कोटाला हात लावायचा नाही असा नियम आहे. साहेबांना कळलं तर?"

"सांगू, चूक झाली."

"आणि हा जाऊन आणखी चौघांना घेऊन आला तर?"

"हाताला सवयच तशी आहे ना, मावशी."

चौघे आले. मग आणखी आले. ती डावीकडची जुनी काजं बुजवायची, त्यांच्यावर बटणं बसवायची आणि उजवीकडे नवी काजं पाडायची. तो शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने कापड ताणून धरायचा. त्याची खरंतर गरज नव्हती. दोघांनीही तसं कधी म्हटलं नाही.

"तिकडेही असंच एक दुकान होतं," तो एकदा म्हणाला. "असाच काळा कागद. शिंपीण एकटीच. तिने माझी बाही शिवून दिली."

"म्हातारी असेल."

"नव्हती."

"देखणी?"

"टाके बघा ना, म्हणजे कळेल."

तिने बाही उलटून बारकाईने पाहिली. "टाके गचाळ आहेत," ती म्हणाली, आणि दिवसभर खुशीत राहिली.

साहेब आले ते भर दुपारी. टेबलावर तीन कोट उघडे पडले होते, आणि चौथा स्टुलावर बसलेल्या त्याच्या अंगावर. साहेबांना काही विचारावं लागलं नाही.

"पुन्हा चूक?"

मावशीने डोळ्यांनी खुणावलं — हो म्हण.

"नाही साहेब," काजवाली उठून उभी राहिली. "मागे चूक होती. आता मुद्दाम करतेय."

"कोट सरकारचा आहे, बाई."

"यांचा हातही सरकारच्याच कामाला गेला. तो कधी परत करताय?"

एकेक मशिन थांबलं. साहेब तिच्याकडे न बघता मावशीला म्हणाले, "ही राहील, नाहीतर काम राहील. ठरवा."

मावशीने त्या मशिनांमागच्या बायकांकडे पाहिलं. प्रत्येकीचं घर या खाकीवर चाललं होतं. पण ठरवायचं ओझं भाचीने तिच्यावर टाकलंच नाही. सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान बोटातून काढून टेबलावर ठेवलं, ते तीन कोट उचलले आणि ती पायरी उतरली.

"ते कोट—" साहेब म्हणाले.

"इस्पितळात पोचवते. ज्यांचे आहेत त्यांना."

तो मागोमाग बाहेर पडला आणि दोन चौक तिच्याबरोबर चालला. मग म्हणाला, "माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"काम कुठे गेलंय? हे काय, हातात आहे."

इस्पितळाच्या मेट्रनने, म्हणजे मुख्य नर्सने, शिवायला व्हरांडा दिला, आणि वर कळवायला ती विसरली. संध्याकाळी मावशी स्वतः आली. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" असं म्हणत तिने अंगुस्तान आणि आपली जुनी, कुणाला हात लावू न दिलेली कात्री पुढे ठेवली, डोळे पुसले आणि चहाही न घेता गेली.

त्यानंतर व्हरांड्यात रोज कापड ताणून धरायला तो होताच.

"ऐका ना," एका सकाळी तो म्हणाला. "पलटणीतले मला वहिनी म्हणायचं काही सोडत नाहीत. एकच उपाय दिसतोय."

"कुठला?"

"त्यांना... खरी वहिनी नेऊन दाखवायची."

तिने दोरा दातांनी तोडला. सुई ओवली. त्याला थोडं ताटकळत ठेवणं तिला आवडलं.

"लढाई संपेपर्यंत थांबायचं नाही," ती म्हणाली. "तिच्यासाठी पुष्कळ थांबलो."

"नाही थांबायचं."

"लग्नाचे कोट मी शिवणार. दोघांचेही."

"आणि बटणं?"

"एकाच बाजूला."