मर्सीमावशीचा विस्तव

पोरांनो, आधी चुलीतला विस्तव सकाळपर्यंत टिकेल असा राखेखाली नीट झाकून या, मग सांगतो. असाहेल क्रँडलने हे मला स्वतः सांगितलं, आणि तो माणूस थापाड्या नव्हता.

मिशिगनच्या रानात आपलं हे गाव वसलं तेव्हा इथे ओंडक्यांची पाचच घरं होती. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारची रात्र. आठवडाभराचं हिमवादळ नुकतं थांबलेलं. बायको लोविना चार दिवसांची बाळंतीण. दमलेल्या असाहेलला विस्तव न झाकताच डुलकी लागली. उठला तर चूल पार गार. चकमक होती, पण तिचा कापूस भिजलेला. बाळाचे ओठ निळे पडायला लागले. त्याने लोखंडी भांडं उचललं आणि वाट कळावी म्हणून झाडांवर केलेल्या कुऱ्हाडीच्या खुणा चाचपत तो मैलभरावरच्या ट्रॅस्क जोडप्याकडे निघाला.

त्याने दार वाजवण्याआधीच ते उघडलं. दारात ट्रॅस्कची बायको, मर्सीमावशी. एरवी लापशी खाऊ घातल्याशिवाय सोडायची नाही. आज बस म्हणाली नाही. घरात दिवा नव्हता. चुलीत मात्र लाल निखारे.

"विस्तव झाकताही येत नाही होय रे तुला? राख ओढायची. हाताने. हळू..."

तिने निखारे भांड्यात भरले. चिमट्याने नाही. हातांनी.

असाहेलने पाहिलं. पण बाळ डोळ्यांपुढे होतं.

"उद्या परत आण," ती म्हणाली. "आमच्याकडेही... फार गारठा आहे."

तो धावत सुटला. बाळ जगलं, आज ती आपल्या गिरणीवाल्याची बायको आहे.

सकाळी शब्द पाळायला तो भांडंभर निखारे घेऊन गेला. दार लोटलं. नवरा-बायको गोधडीखाली. कडक. पापण्यांवर हिम. चुलीत धुराड्यातून पडलेला बर्फ... कितीतरी दिवसांचा.

त्याला पळून जावंसं वाटलं. पण शेजाऱ्याचा विस्तव बुडवणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने बर्फ उपसला, निखारे मांडले, दोन ओंडके ठेवले आणि पुरायला माणसं आणायला गेला. वाटेत पुन्हा वादळाने गाठलं. परतेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

दारापुढे बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

आत ऊब होती. दोघं होती तशीच. पापण्यांवरचं हिमही तसंच.

चुलीत राखेचा गुळगुळीत ढीग. विस्तव कोणीतरी झाकला होता. नीट.

राखेवर पाच बोटांच्या रेघा.

असाहेलने वाकून फुंकर मारली...

खाली निखारे लाल होते.