कपावरचा तळहात

शुक्रवारी सकाळी वादी अदाईच्या बोडक्या डोंगरावर ऊन उतरायच्या आत अलीमियाँची पांढरी पिकअप दारात येऊन उभी राही आणि हॉर्न दोनदा वाजे. पहिला रमणला उठवण्यासाठी आणि दुसरा त्याचा संकोच उठवण्यासाठी, असे अलीमियाँ म्हणत. रमण जिना उतरून येई तेव्हा त्याच्या हातात थर्मास असे आणि काखेत वही.

रमण सव्वीस वर्षांचा होता. अझैब्यातल्या एका कचेरीत तो रस्त्यांचे नकाशे काढी. दोन वर्षांचा करार, मग परत वेलदूरला, असे त्याचे सरळ गणित होते. अलीमियाँ पन्नाशीचे, एसी दुरुस्त करणारे, खाडीपलीकडच्या दाभोळचे. दोघांच्या गावांमध्ये फेरीबोटीची काही मिनिटे काय ती होती. तेवढ्या नात्यावर आखाती देशात माणसे चुलते-पुतणे होतात.

या शुक्रवारांनी रमणला किनाऱ्यावरची गावे दाखवली. कुरियात, दिबाब, फिन्स, तिवी. दुपारच्या झळीत निपचित पडलेल्या होड्या, निळ्या रंगाचे लोखंडी दरवाजे, कुंपणावर वाळत घातलेली मुशी, गाडीच्या टपावर चढून बसलेल्या शेळ्या. वाळलेल्या मासळीचा वास आला की रमणला वेलदूर आठवे. तो वहीत गावाचे नाव आणि गाडीच्या मीटरवरचा आकडा लिही आणि बाकीचे लिहायचे टाळी. कुठल्याही गावात पाच मिनिटे उभे राहिले की कुणीतरी म्हातारा सावलीतून हात उंचावून बोलावी. चटई, खजूर, आणि बिनकानाच्या इवल्या कपात वेलचीची कडवट कॉफी.

तो कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरी. पुन्हा रिकामा, पुन्हा भरलेला. पहिल्याच खेपेला अलीमियाँनी त्याला शिकवले होते, "असा हलवायचा. डावीकडे, उजवीकडे. म्हणजे झालं, पोट भरलं, येतो आता. नाहीतर तो ओतत राहील आणि तू पीत राहशील, मगरिबच्या नमाजापर्यंत."

रमणला ते जमत नसे. भरल्या मनाने देणाऱ्या माणसासमोर रिकामा कप नाचवायचा, हे त्याला उद्धटपणाचे वाटे. पंगतीत पानावर आडवा हात धरावा तसा तो कपावर तळहात ठेवी आणि मान खाली घाली. म्हातारे हसत, समजून घेत.

"अरे, तुझ्या गणपतीतलं जेवण आहे का हे?" अलीमियाँ परतताना चिडवत. "हात काय ठेवतोस? हलव की!"

"लाज वाटते, चाचा."

"लग्नात काय करशील रे? विशाखा वाढायला आली की पानावर झोपशील?"

विशाखाचे नाव निघाले की रमण खिडकीबाहेर बघे. मार्चमध्ये करार संपायचा होता आणि वैशाखात लग्न होते.

अलीमियाँच्या या भटकंतीमागे कारण होते. ते रमणला फार उशिरा, डिसेंबरमध्ये कळले. साल दोन हजार चौदा. कुरियातच्या एका टपरीवर कडक चहा पिताना अलीमियाँनी फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे हवाबी होत्या, त्यांच्या पत्नी.

"गुरुवारचं तिकीट आहे. कायमचं," अलीमियाँ म्हणाले.

"आधी विमानात बसा, मग सांगा. खोलीला मी काही आता रंग देणार नाही. सात वेळा दिला. भिंती जाड झाल्या, खोली लहान झाली."

"या वेळी नक्की, इन्शाल्ला."

"लेकीच्या, समरीनच्या लग्नाला कायमचे येणार होतात, तेव्हासुद्धा इन्शाल्लाच होतं."

फोन बंद झाल्यावर अलीमियाँनी चहा बाजूला सारला. मग बोलले. सुट्टीवर त्यांना कधी अडचण आली नव्हती. साठ दिवस जात आणि परत येत. पण कायमचे जायचे ठरले की काहीतरी होई. एकदा वादळाने विमानतळ बंद. एकदा मालक वारला आणि कागद अडकले. एकदा तर सामान बांधलेले असताना अंगात ताप असा भरला, की शुद्धीवर आले तेव्हा व्हिसाचे नूतनीकरण कुणीतरी करून ठेवलेले.

"मी पाहुणा आहे ना इथला," ते हळूच म्हणाले. "पाहुणा उठलाच नाही अजून."

चौऱ्याऐंशी साली, वीस वर्षांचे असताना, ते लाँचवर खलाशी होते. याच किनाऱ्यावर इंजिन बंद पडले. पोहून वर आले तर एका बाईने घरात घेतले, कॉफी दिली. किती कप प्यायले, आठवत नाही. तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. भरलेला कप तसाच ठेवून ते धावले, चपलासुद्धा दाराशी राहिल्या.

"कप हलवला नाही मी, रमण. तीस वर्षं झाली."

रमणने ऐकून घेतले. आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस तो. योगायोग किती असू शकतात, हे त्याला ठाऊक होते. पण समोरच्या माणसाचा चहा तसाच निवून गेला होता. तो म्हणाला, "चला चाचा, शोधू या. खूण काय होती?"

"गोट्यांचा किनारा. लाट मागे गेली की कप एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज येतो."

फिन्स मागे पडले. डावीकडे समुद्र, उजवीकडे उभा पिवळट कडा. मीटरवर एकशे एकतीसचा आकडा आला तेव्हा समुद्राकडे उतरणारा एक कच्चा रस्ता दिसला. रमण या पट्ट्याचा नकाशा महिनाभर काढत होता. त्यात हा रस्ता त्याला आठवेना. नकाशात सगळेच येत नाही, असे त्याने मनाला सांगितले.

खाली दहा-बारा घरे होती. दुपारचे दोन वाजले असावेत. ऊन इतके पांढरे होते की भिंतींना कडाच उरल्या नव्हत्या. होड्या लाकडी होत्या, काथ्याने शिवलेल्या. एकीलाही इंजिन नव्हते. कुठे शेळी नाही, कावळा नाही. दोन मुली सावलीत बसल्या होत्या. अलीमियाँनी काही विचारण्याआधीच दोघींनी एकाच वेळी बोट दाखवले, शेवटच्या घराकडे.

किनाऱ्यावर लाट मागे सरली. गोटे किणकिणले.

अलीमियाँ दाराशी थांबले, आणि थांबूनच राहिले. उंबऱ्याला लागून चपलांचा जोड होता. टायरच्या तळव्यांच्या, दाभोळच्या बाजारात पूर्वी मिळत तशा. डाव्या पायाचा अंगठा सुतळीने बांधलेला.

"ही गाठ माझी आहे," ते म्हणाले.

रमणने वाकून हात लावला. चपला ओल्या होत्या. खाली वाळूवर पाण्याचा डाग नुकताच पसरत होता.

"तफद्दल," आतून बाईचा आवाज आला, या म्हणणारा.

खोली गार होती. चटईवर खजुरांचे ताट आणि तीन कप. त्यातला एक भरलेला. त्यातून वाफ निघत होती. बाईने निळसर बुरखा घातला होता, तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते हात. मेंदी लावलेले, तरुण, डाव्या मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग.

अलीमियाँ त्या डागाकडे बघत चटईवर बसले. "तेव्हाही होता," ते मराठीत पुटपुटले. "तेव्हाही एवढाच."

बाई अरबीत बोलली. हात धुवायला गेलेल्या माणसाला म्हणावे, तशा साध्या स्वरात.

"उशीर केलास."

त्यात राग नव्हता. रमणला नंतर अनेकदा आठवले ते हेच, की त्या स्वरात माया होती.

तिने रमणचा कप भरला. तो प्यायला. इतकी चांगली कॉफी त्याने कधी प्यायली नव्हती; तिला आईच्या हाताचा वास होता, आणि असे का वाटावे, हे त्याला कळत नव्हते.

अलीमियाँनी वाफाळता कप उचलला, दोन्ही हातांनी. एका घोटात संपवला. बाईने ताबडतोब किटली पुढे केली.

त्यांनी उजवा हात वर केला.

कप हलवला. डावीकडे. उजवीकडे.

बाईने तो घेतला आणि पालथा ठेवला. "सलामत जा," ती म्हणाली.

अलीमियाँच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते उठले, भिंतीला धरून दाराकडे गेले. रमण त्यांच्याकडेच बघत होता. पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा हुंदके देत, वाकून ओल्या चपला पायात घालत होता. चपला नेमक्या बसल्या.

शेजारी किटलीचा आवाज झाला.

रमणने न बघताच कपावर तळहात ठेवला. सवयीने. मान खाली घालून.

किटली थांबली.

म्हातारे हसत तसे बाईचे हसू ऐकू आले नाही. तिने कपही घेतला नाही. ती नुसती वाट बघत राहिली.

"चल रे," बाहेरून अलीमियाँ रडत-हसत म्हणाले. "खलास! चल, हवाबीला खोलीला रंग द्यायला सांगू."

रमण उठला. नमस्कार केला. बाहेर आला.

मागे गोटे किणकिणले.

गुरुवारी अलीमियाँचे विमान वेळेवर सुटले. शनिवारी दाभोळच्या जेट्टीवरून त्यांचा फोटो आला. मागे फेरीबोट, शेजारी पदर तोंडावर धरून हसणाऱ्या हवाबी. रमणने तो फोटो कितीतरी वेळा पाहिला. त्याला इतका आनंद स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा झाला नव्हता.

मार्चमध्ये त्याचा करार संपला. तिकीट निघाले. आदल्या दिवशी कचेरीचा एक नकाशा चुकीचा निघाला आणि त्याला थांबवून घेतले गेले. लग्नाला तो पंधरा दिवसांच्या रजेवर गेला आणि परत आला. पुढच्या वर्षी राजीनामा दिला; पासपोर्ट नूतनीकरणात अडकला. त्याच्या पुढच्या वर्षी विमानतळाच्या वाटेवरच वादीला, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, पूर आला आणि रस्ता वाहून गेला. विशाखाने वेलदूरच्या खोलीला दोनदा रंग दिला होता.

शुक्रवारी आता तो एकटाच जातो, अलीमियाँच्या जुन्या पिकअपमधून. मीटरवर एकशे एकतीस येते तेव्हा डावीकडे फक्त लोखंडी कठडा असतो आणि त्याखाली सरळ समुद्र. तो गाडी थांबवून ऐकतो. खाली काठाला वाळू आहे. गोटे नाहीत.

दोन हजार अठराच्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तो तिथेच उभा असताना अलीमियाँचा फोन आला. नातवाचे कौतुक झाले, पावसाचे झाले. मागून हवाबी ओरडल्या, "त्याला चपलांचं सांगा!"

"हां, ते," अलीमियाँ म्हणाले. "तुझी चाची रोज उन्हात ठेवते त्या चपला. चार वर्षं झाली. वाळत नाहीत बघ." ते हसले. मग आवाज उतरला. "रमण, एक विचारू? रात्र रात्र मनात येतं. त्या दिवशी मी रडत होतो, माझं लक्ष नव्हतं. तू कप हलवलास ना रे?"

रमण समुद्राकडे बघत होता. दाभोळच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेला, नातू मांडीवर घेतलेला माणूस त्याला दिसत होता. तीस वर्षांनी घरी पोहोचलेला.

"हो चाचा," तो म्हणाला. "हलवला की. तुम्हीच तर शिकवलं होतं."

"शाब्बास," अलीमियाँनी सुस्कारा सोडला. "मग ये लवकर. यल्ला."

फोन ठेवून रमणने उजवा हात उघडला. तळहाताच्या मधोमध कपाच्या तोंडाएवढे ओले वर्तुळ होते, रोजच असते तसे. वेलचीचा वास. सकाळपासून ते गार पडत आले होते.

तो बघत असतानाच ते पुन्हा कोमट होऊ लागले.