उंबरठा नसलेलं घर

आता अपंगत्वाचा दाखला माणसाला मिळत नसे, जागेला मिळे. कोण किती टक्के निकामी हे मोजत बसण्याचा अडाणीपणा देशाने सोडला होता, आणि फार बरे केले. पायरी अपंग, बँक अपंग, एसटी अपंग. अडसर सापडला की काढायचा, एवढाच कायदा.

हे शक्य झाले अडसरमापकामुळे. काही करायचे मनात आले की मेंदूत हलका तरंग उठतो. तो तरंग आणि प्रत्यक्ष कृती यांच्यामध्ये भोवताल जेवढा आडवा येतो, तेवढेच हे यंत्र मोजते. शरीराला लागणारा स्वतःचा वेळ ते वजा करते. प्रज्ञा खंदारे जन्मापासून चाकाच्या खुर्चीत होती, एकेक शब्द ओढून बोलत होती. पण तिचा संथपणा यंत्राच्या लेखी दोष नव्हता.

नागपूरच्या वेधशाळेत तिला नोकरी लागली होती. भाड्याचे घर निर्बाध ठरले की रुजू व्हायचे. वडील मारोतराव मंगरूळपीरहून आधीच आले होते. दाराचा उंबरठा त्यांनी स्वतः छिन्नीने काढला होता, आणि आता लेकीजवळच राहणार होते.

तपासणीला डॉ. नसीमा तांबोळी अडसरमापक घेऊन आल्या.

"प्रज्ञा, ओट्याची उंची जमते का?"

"जमते तिले," मारोतराव म्हणाले.

यंत्राचा काटा उसळला. डॉक्टरांनी ओटा पाहिला, नळ पाहिला, न्हाणीघर पाहिले. कुठेच खोट नव्हती.

"काका, जरा बाहेर थांबता?"

ते बाहेर गेले आणि काटा शून्यावर आला. आत बोलावले, तर पुन्हा उसळला.

"मॅडम, यंत्र बिघडलं तुमचं."

"यंत्र ठीक आहे. अडसर तुम्ही आहात, काका."

"मी? तळहाताच्या फोडावानी जपलं म्या इले!"

"म्हणूनच. ती बोलायच्या आत तुम्ही बोलता. तिचा तरंग तिथेच विझतो."

डॉक्टरांना वाईट वाटले. पायरी फोडायची तरतूद कायद्यात होती. बापाचे काय करायचे ते कोणी लिहिले नव्हते.

"तिलाच विचारू," त्या म्हणाल्या. "प्रज्ञा, बाबांनी इथे राहावं का?"

"बाबा..." प्रज्ञाने सुरुवात केली.

'राहा म्हणते' हे मारोतरावांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. आयुष्यात पहिल्यांदा ते लेकीच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत उभे राहिले. काटा हळूहळू शून्यावर आला.

"बाबा, तुम्ही... गावाले... जा."

घर निर्बाध ठरले. मारोतरावांनी पिशवी उचलली. दारातून निघताना सवयीने त्यांनी पाय उंच उचलला, आणि तो सपाट जमिनीवर दाणकन आपटला.